सहकुटुंब कायमचे कॅनडाला जाताना: शेती, घर, मुलांची शाळा आणि मागे राहणाऱ्या सासूबाई

निफाडची सून

नमस्कार.

आम्हा चौघांना, म्हणजे यजमान, मी, आठवीची परीक्षा नुकतीच दिलेली मुलगी आणि दुसरीतून तिसरीत गेलेला मुलगा, कॅनडाच्या कायम वास्तव्याची मंजुरी मिळाली आहे. वैद्यकीय तपासणीपासून एक वर्षाच्या आत, म्हणजे येत्या ऑक्टोबरअखेरपर्यंत, आम्ही तिथे दाखल होणे आवश्यक आहे. यजमानांचे दोन वर्गमित्र मिसिसागा भागात असल्यामुळे ओंटारिओ प्रांत निश्चित केला आहे. यजमान संगणक क्षेत्रात आहेत, त्यांना नोकरी मात्र तिथे पोहोचल्यावरच शोधावी लागेल.

बॅगांमध्ये काय भरावे याच्या याद्या पुष्कळ मिळाल्या. माझे प्रश्न त्या याद्यांत न मावणारे आहेत. नाशिकमध्ये आमची सदनिका आहे, ती विकावी की भाड्याने द्यावी हे ठरत नाही. निफाड तालुक्यात सासऱ्यांची द्राक्षबाग आहे. सासरे जाऊन तीन वर्षे झाली, तरी सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे. बाग सध्या चुलत दीर वाट्याने करतात. मुलीचे शिक्षण अशा वळणावर आहे की एक वर्ष इकडेतिकडे झाले तर तिचे नुकसान होईल, अशी मला धास्ती वाटते.

सर्वांत अवघड बाब सासूबाईंची आहे. त्या ७१ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाचा त्रास सोडल्यास प्रकृती चांगली आहे, आणि सासऱ्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन त्यांना मिळते. नणंदबाई छत्रपती संभाजीनगरला असतात. "तुम्ही निश्चिंत जा, माझे मी बघेन," असे सासूबाई म्हणतात. परवा मात्र त्या बँकेचे पासबुक उघडून एकेक नोंद बोटाने वाचत बसल्या होत्या, आणि यजमान जवळ गेल्यावर त्यांनी ते मिटून उशीखाली ठेवले. तेव्हापासून माझे मन स्थिर नाही. ज्यांनी हा मार्ग चोखाळला आहे, त्यांनी कोणती कामे इथे असतानाच उरकावीत हे कृपया सविस्तर सांगावे.

करसल्लागार, पुणे

निफाडच्या ताई, तुमच्या प्रश्नातील पहिले काम सातबाऱ्याचे आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, परंतु वारसाने आलेली किंवा भारतात राहत असताना मिळालेली जमीन त्याला स्वतःकडे ठेवता येते. म्हणून यजमानांचा हक्क परदेशी गेल्याने बुडणार नाही. अडचण येते ती नोंदीत. वारसनोंद झालेली नसताना पुढे वाटणी, विक्री, पीककर्ज किंवा भूसंपादनाचा मोबदला असे काहीही उद्भवले, तर प्रत्येक सहीसाठी तुम्हाला सातासमुद्रापलीकडून यावे लागेल. तलाठ्याकडे अर्ज देऊन सासूबाई, यजमान आणि नणंदबाई या तिघांचीही नावे लावून घ्यावीत, फेरफार मंजूर झाल्याचे पाहावे आणि नवा उतारा हातात घेऊनच तो विषय मिटला असे समजावे. चुलत दिरांशी जो वाटा ठरला आहे, तोही या निमित्ताने कागदावर आणावा. संबंध चांगले असतात तेव्हाच असे कागद सहज होतात.

सदनिकेबद्दल माझे मत असे की पहिल्या दोन वर्षांत ती विकू नये, कारण तिथे जम बसेल की नाही हे त्याआधी कळत नाही. भाड्याने देताना एक गोष्ट भाडेकरूला आधीच सांगावी. मालक अनिवासी झाला की भाड्यातून ३० टक्के आणि त्यावरील उपकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. बहुतेकांना हे ठाऊक नसते आणि नंतर वाद होतात. विक्रीच्या वेळीही खरेदीदाराला निवासी विक्रेत्यापेक्षा कितीतरी जास्त कर कापावा लागतो, त्यामुळे कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र प्राप्तिकर विभागाकडून आधी मिळवावे लागते.

कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. ते विशिष्ट कामापुरते असावे: भाडेकरार करणे, सोसायटीच्या सभेस हजर राहणे, वीजबिल व घरपट्टी भरणे. विक्रीचा सरसकट अधिकार कोणालाही देऊन जाऊ नये, सख्ख्या माणसालाही नाही. तेच पत्र नंतर कॅनडातून करून पाठवले, तर तिथले साक्षांकन करावे लागते आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

निघण्याच्या तारखेचाही करावर परिणाम होतो. नोकरीसाठी देश सोडणारा नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो. तुम्ही ३१ ऑगस्टला निघालात, तर एप्रिलपासूनचे १५३ दिवस होतात. मग दिवाळीला महिनाभर परत आलात, तर मर्यादा ओलांडली जाईल. नोकरीसाठी न जाणाऱ्या व्यक्तीला ६० दिवसांची वेगळी अट लागू शकते, म्हणून तुमचा आणि यजमानांचा हिशेब स्वतंत्रपणे करून घ्यावा.

निघाल्यावर साधी बचत खाती अनिवासी खात्यांत, म्हणजे एनआरओमध्ये, बदलावी लागतात. पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, मुदतवाढ मात्र मिळत नाही. कॅनडात ज्या दिवशी तुम्ही करदृष्ट्या रहिवासी व्हाल, त्या दिवसाचा बाजारभाव हीच तुमच्या भारतीय मालमत्तेची खरेदी किंमत असे तिथला प्राप्तिकर कायदा सर्वसाधारणपणे मानतो. त्यामुळे त्या तारखेचे सदनिकेचे आणि समभागांचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून करून ठेवावे. दहा वर्षांनी विक्री करताना हा एक कागद फार मोठी रक्कम वाचवतो, आणि तो मागाहून मिळवणे त्रासाचे होते.

मिसिसागावासी आई

आम्ही २०१९ मध्ये पुण्याहून आलो, तेव्हा माझा मुलगाही तुमच्या मुलीच्याच वयाचा होता. म्हणून मी केवळ शाळेबद्दल आणि सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहिते.

मुलीची काळजी करू नका, तुमची वेळ उत्तम साधली आहे. ओंटारिओत इयत्ता जन्मवर्षावरून ठरते. ज्या वर्षी मूल ६ वर्षांचे होते त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते पहिलीत बसते, म्हणजे या वर्षी १४ पूर्ण करणारी मुलगी नववीत जाईल. तिथले माध्यमिक शिक्षण नववीपासून बारावीपर्यंतचे असते, त्यात ३० श्रेयांक मिळवावे लागतात आणि ४० तास समाजसेवा करावी लागते. नववीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली की तिला चारही वर्षे पूर्ण मिळतात आणि वर्गातील इतर मुलेही त्या शाळेत नवीनच असतात. दहावी करून जा, असा सल्ला आम्हालाही पुष्कळांनी दिला होता, आणि तो आम्ही ऐकला नाही याचे मला आजही समाधान आहे. शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची कामगार दिनाची सुटी झाल्यावर उघडतात. प्रवेशाला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि नवागत मुलांची इंग्रजी व गणिताची चाचणी शाळा मंडळ आधी घेते, म्हणून जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या आरंभी पोहोचावे.

शाळा सोडल्याचा दाखला, मागील तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद यांची इंग्रजी प्रत घ्यावी. लसीकरणाकडे दुर्लक्ष करू नका. ओंटारिओत शाळेत जाणाऱ्या मुलांना गोवर, पोलिओ, धनुर्वात यांच्या जोडीला मेनिंगोकॉकल लसीचा आणि २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजण्यांच्या लसीचाही पुरावा द्यावा लागतो. आपल्या सरकारी लसीकरणात या दोन्ही नसल्यामुळे बालरोगतज्ज्ञांकडून त्या घेतल्या असतील, तर त्यांच्या सहीशिक्क्याची तारीखवार नोंद मागून घ्यावी. माझ्या मुलाच्या पिवळ्या कार्डावरची शाई पुसट झाली होती आणि एक तारीख वाचता न आल्यामुळे त्याला ती लस पुन्हा टोचून घ्यावी लागली.

प्रांताचा आरोग्य विमा मिळण्यासाठी पूर्वी तीन महिने थांबावे लागत असे, आम्हीही थांबलो होतो. ती अट मार्च २०२० मध्ये काढली गेली. मात्र त्या विम्यात मोठ्यांचे दात, चष्मे आणि रुग्णालयाबाहेरची औषधे येत नाहीत. चौघांचे दात निघण्यापूर्वी नाशिकमध्येच दाखवून घ्या आणि प्रत्येकाचे दोन चष्मे करून घ्या. वाहन परवान्याच्या परीक्षा तिथे नव्याने द्याव्या लागतात, पण परिवहन कार्यालयाकडून अनुभवाचे अधिकृत पत्र आणल्यास दोन परीक्षांमधला प्रतीक्षेचा काळ वाचतो. भारतातून निघाल्यावर ते पत्र मिळवणे फार कठीण जाते.

विमानतळावर सामानाची यादी द्यावी लागते, सोबत आणलेल्या आणि मागाहून येणाऱ्या अशा दोन्ही वस्तूंची. मागाहून काही आणणार नाही असे आज वाटत असले, तरी दागिने, चांदीची भांडी, पुस्तके अशा ज्या वस्तू पुढील काही वर्षांत आणाल त्या पहिल्याच दिवशी यादीत लिहा, कारण त्या वस्तू सीमाशुल्काशिवाय नेण्याचा आधार तीच यादी असते. दागिन्यांचे छायाचित्र आणि सराफाचे मूल्यांकन जोडावे. मिक्सर नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्टची असते. आणि घर न पाहता, केवळ जाहिरातीतील छायाचित्रांवरून भाड्याचे पैसे कोणालाही पाठवू नका. पहिला महिना वर्गमित्रांच्या ओळखीने काढा.

घरात मराठी बोलत राहा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत अनेक गावी चालतात. मुलगा लहान आहे, त्याला पहिल्याच वर्षी तिथे घाला.

वडिलांचा मुलगा

मी सासूबाईंबद्दल लिहितो, कारण माझ्याकडून जे राहून गेले ते तुमच्याकडून राहू नये असे मनापासून वाटते.

आम्ही येऊन सात आठवडे झाले होते. साताऱ्याहून पहाटे फोन आला की वडिलांना अतिदक्षता विभागात हलवले आहे. माझे पीआर कार्ड, म्हणजे स्थायी रहिवाशाचे ओळखपत्र, तोवर टपालाने आले नव्हते. कॅनडातून बाहेर पडता येते, परंतु कार्ड नसेल तर परतीच्या विमानात बसण्यासाठी भारतातून स्थायी रहिवाशाचे प्रवासपत्र काढावे लागते. मला हे माहीतच नव्हते, म्हणून दोन दिवस मी जावे की न जावे या विचारात घालवले. ते दोन दिवस मी जायला हवे होते. प्रवासपत्राचा अर्ज कुठे आणि कसा करायचा, याची माहिती आणि कागद आधीच एका पाकिटात घालून ठेवा, म्हणजे तो प्रसंग आलाच तर तुमचे यजमान त्याच रात्री निघू शकतील.

सासूबाईंना लगेच नेता येईल अशी आशा धरू नका. आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, परंतु त्यासाठी मुलाने तिथले ठरावीक उत्पन्न दाखवावे लागते आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. नोकरी लागून उत्पन्नाचे कागद तयार होईपर्यंत तो मार्ग खुला होत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, स्थायी दर्जा टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहणे पुरेसे असते, त्यामुळे गरज पडल्यास यजमान काही महिने येऊन राहू शकतात. ही गोष्ट आईंना स्पष्ट शब्दांत सांगा. माझ्या आईला ती कोणी सांगितलीच नाही, आणि मुलगा आता कधी येऊच शकणार नाही असे ती वर्षभर समजत होती.

आईंच्या खात्यावर दुसरे नाव नणंदबाईंचे लावा. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो कोण नेऊन देणार हे आताच ठरवा. यजमानांचा भारतीय मोबाइल क्रमांक बंद करू नका, कारण बँक, आधार आणि विमा यांचे सगळे संकेतांक त्याच क्रमांकावर येतात. सासूबाईंनी मिटून ठेवलेल्या पासबुकाबद्दल लिहिलेत, ते वाचून मी थांबलो. त्यांना पैशांची चिंता असेलच असे नाही. तो व्यवहार इतकी वर्षे आधी सासरे आणि मग मुलगा पाहत आला असेल, आणि आता तो आपल्याला जमेल का, हे त्या तपासून पाहत असतील. त्यांच्याजवळ बसा, त्यांच्याकडूनच एकदा पैसे काढवून घ्या, एकदा वीजबिल भरवून घ्या. निघायच्या आठवड्यात हे करू नका, आजपासून करा.

निफाडची सून

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिन्ही प्रतिसाद मी रात्री यजमानांना आणि सासूबाईंना वाचून दाखवले. वारसनोंदीचा अर्ज सोमवारी देत आहोत, नणंदबाई त्यासाठी येणार आहेत. प्रयाण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठरले. मुलीने नववीचे ऐकले आणि पहिल्यांदाच स्वतःहून विचारले की तिथे संस्कृत शिकता येईल का.

काल सासूबाई माझ्यासोबत बँकेत आल्या. पैसे काढण्याची पावती त्यांनी स्वतः भरली, चष्मा पुसून दोनदा वाचली आणि खिडकीवर दिली. घरी येताना म्हणाल्या की सामानाच्या यादीत देवघरातले टाक लिहू नकोस, ते या घराचे आहेत आणि माझ्याजवळ राहतील. बाळकृष्ण मात्र ने, तो माझ्या माहेरचा आहे. चांदीचा आहे, ८५ ग्रॅम भरला. मिसिसागावासी ताई, तो सराफाच्या मूल्यांकनात दागिन्यांसोबत लिहावा की वेगळा, एवढे तेवढे सांगाल का?

मिसिसागावासी आई

स्वतंत्र ओळीत लिहा: चांदीची मूर्ती, नग एक, वजन ८५ ग्रॅम, कौटुंबिक वापरातील. छायाचित्र जोडा. मूर्ती सामानात देऊ नका, हातातल्या पिशवीत ठेवा.