मदत हवी आहे: रांगणारं बाळ, चार वर्षांचा दादा आणि घडीचं प्ले यार्ड

वाचनमात्र_होते

नमस्कार मंडळी. आयडीवरून कळलंच असेल, आज पहिल्यांदा लिहिते आहे. घाईत लिहिते, ती झोपली आहे तोवर.

आम्ही धायरीला राहतो, टूबीएचके. मुलगी नऊ महिन्यांची, मुलगा चार वर्षांचा. महिनाभरापूर्वी ही पोटावर सरपटत होती. आता गुडघ्यांवर अशी सुसाट सुटते की मी कुकर उतरवून वळेपर्यंत बाईसाहेब देवघरापाशी. देवघर जमिनीलगत आहे आणि सासूबाई तिन्हीसांजेला समई लावतात. परवा हिने समईखालचं ताम्हन ओढलं. तेल सांडलं, वाती विझल्या, तिला काही झालं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना तिच्यामागे पळता येत नाही. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. मावशी दहाला येतात, बाराला जातात. त्यात दादाच्या गोट्या आणि गाड्यांची सुटी चाकं घरभर.

आता प्रश्न. चुलत जाऊबाईंनी त्यांचं जुनं जाळीचं, घडीचं प्ले यार्ड (बाळाला आत खेळायला ठेवायचं असतं ते) देऊ केलंय. २०१० साली अमेरिकेहून येताना आणलेलं. दिसायला छान आहे, पण एका बाजूचा वरचा दांडा उघडल्यावर खटकन बसत नाही. नवरा म्हणतो, 'त्यात काय, दोरीने आवळून टाकू.' वापरावं का? की प्लास्टिकच्या पॅनलचं कुंपण मिळतं ते नवीन घ्यावं? शनिवार-रविवार आम्ही आईकडे सदाशिव पेठेत असतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून उचलून नेता येईल असं काहीतरी हवंय.

आणि सासूबाईंचं एकच वाक्य: "पोरीला पिंजऱ्यात घालणार का?" याला काय उत्तर द्यावं तेही सुचवा.

---

पेठकर_मूळचे

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आमच्या वाड्यात माजघराच्या दारात पाट आडवा लावलेला असायचा, पलीकडे चूल, अलीकडे आम्ही. विहिरीवर जायचं असलं की आजी आमच्या धाकट्या काकाला जुन्या लुगड्याच्या पट्टीने बाजेच्या पायाला बांधून जायची. ही गोष्ट तीच कौतुकाने सांगायची. त्याला कोणी पिंजरा म्हटलं नाही. सासूबाईंना विचारा, त्यांच्या माहेरी काय करत होते. काहीतरी निघेलच.

(बांधण्याचा सल्ला देत नाहीये, कृपया कोणी अंगावर येऊ नये. पट्टी गळ्याभोवती फिरायला वेळ लागत नाही.)

---

न्यूजर्सीची_सून

ताई, जुनं यार्ड वापरू नका. दोरीने बांधून तर अजिबात नाही. जरा लांबलचक लिहिते, पण वाचा.

या घडीच्या यार्डात वरच्या चारही दांड्यांना मधोमध बिजागरी असते. ती कुलूपबंद झाली नाही तर बाळ दांड्याला धरून उभं राहतं तेव्हा दांडा मधूनच खाली दुमडतो आणि इंग्रजी व्ही सारखा आकार होतो. बाळाची मान नेमकी त्या खाचेत येते. १९९८ मध्ये शिकागोत डॅनी कायझर नावाचं बाळ सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी असंच गेलं. तो घडीचा पाळणा १९९३ मध्येच बाजारातून परत मागवला गेला होता, पण पाच वर्षांनीही तो वापरात होता आणि घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. डॅनीच्या आईवडिलांनी पुढे यासाठी संस्था काढली, आणि २००८ च्या अमेरिकन कायद्यातल्या बाळांच्या वस्तूंच्या सुरक्षेच्या भागाला त्याचं नाव मिळालं. प्ले यार्डसाठी सक्तीचं मानक त्यातूनच आलं, ते २०१३ पासून लागू आहे. तुमच्या जाऊबाईंचं त्याच्या आधीचं. म्हणजे दांडा धड असता तरी मी दोनदा विचार केला असता.

नवीन घेतलंत तर मांडायचा क्रम लक्षात ठेवा, इथेच सगळे चुकतात. मधला तळाचा गड्डा वर ठेवून आधी चारही दांडे ओढायचे, प्रत्येकाचा खटका ऐकायचा, मधोमध हाताने दाबून बघायचं, आणि सगळ्यात शेवटी गड्डा खाली दाबायचा. गड्डा आधी दाबला की दांडे ताणले जातात आणि खटका बसतच नाही. कोण जाणे, जाऊबाईंच्या यार्डाचंही तेच झालं असेल. एकदा या क्रमाने करून बघा. तरीही बसला नाही तर विषय संपला.

टाकताना तसंच देऊ नका. जाळी कात्रीने कापा, मगच भंगारवाल्याला द्या. नाहीतर तो जुन्या बाजारात नेऊन मांडेल आणि कोणीतरी हौसेने घेईल.

---

हडपसरवासी

एवढा उपद्व्याप कशाला? वॉकर आणा. त्यात बसलं की बाळ खूश, आई मोकळी.

---

निवृत्त_परिचारिका

वॉकर नको! चाकं लागलेलं बाळ सेकंदात जिन्याच्या तोंडाशी किंवा शेगडीपाशी पोचतं, आणि उंच झाल्यामुळे टेबलावरचा गरम चहाही त्याच्या हाताला येतो. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. चालायला त्याने लवकर येतं हाही गैरसमज. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं. तोही समोर मोठं माणूस असेल तरच.

बाकी यार्डाबद्दल थोडक्यात. जाळीची भोकं बाळाच्या झबल्याचं बटण जाणार नाही इतकी बारीक हवीत. गादी जी सोबत येते तीच, पातळ आणि कडक. 'टोचेल बिचारीला' म्हणून वर दुसरी गादी, लोड, उशा घालू नका. मऊ गादी आणि जाळी यांच्या फटीत तोंड जाऊन श्वास कोंडतो. बहुतेक जाळीच्या यार्डांची मर्यादा साधारण साडेतेरा किलो वजन आणि ८९ सेंटिमीटर उंची असते, पण काटा बघत बसू नका. ज्या दिवशी तिने पाय वर टाकला त्या दिवशी यार्ड बंद. आत मोठी खेळणी नकोत, त्यांची पायरी होते. पडद्याची दोरी आणि मोबाइलच्या चार्जरची वायर हाताला लागेल अशा जागी यार्ड मांडू नका.

आणि दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, त्या सांगते. पहिली, बादल्या. पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून आपल्याकडे बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या असतातच. रांगणारं मूल बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, डोकं जड असल्याने पुढे जातं आणि त्याला परत वर येता येत नाही. दोन-तीन इंच पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. बाथरूमच्या दाराला बाहेरून वर कडी लावा, आजच. दुसरी, दादाच्या खेळण्यातले बटण सेल. पोटात गेला तर बहुतेक वेळा निघून जातो, पण अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटलात जा, उलटी करवू नका.

---

शहाबादी

आमच्याकडे पॅनलचं कुंपण होतं, अनुभव सांगतो. जाहिरातीत ते दगडासारखं उभं असतं. प्रत्यक्षात अकरा महिन्यांच्या चिरंजिवांनी ते ढकलत ढकलत हॉलमधून बेडरूममध्ये नेलं, स्वतः आत बसून. वरात निघाल्यासारखं.

कारण फरशी. या पॅनलच्या बुडाशी रबरी वाट्या असतात, त्या गुळगुळीत फरशीला चिकटतात. नव्या फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाइड टाइलवर उत्तम (वाटी जरा ओली करून दाबा). आमच्या जुन्या शहाबादीवर एक क्षणही टिकल्या नाहीत. तुमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये चालेल, आईकडे पेठेत फरशी काय आहे ते आधी बघा. गोल करण्यापेक्षा कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवून मांडलं की कमी हलतं.

दार असलेलं पॅनल मिळतं, त्याची कडी दादा दोन दिवसांत शिकतो. आमच्या मोठीने धाकट्याला सोडवलं आणि वर मला सांगितलं, "तो म्हणाला उघड."

---

वाचनमात्र_होते

बापरे, किती मदत. धन्यवाद सगळ्यांना. कडी आजच लावली.

न्यूजर्सीताई, तुमच्या क्रमाने करून पाहिलं. तीन दांडे बसले, चौथा नाही. मधे दाबलं तर गपकन खाली आला. नवऱ्याने स्वतःच्या हाताने दाबून पाहिलं, मग दोरीचं नाव काढलं नाही.

आणखी दोन शंका. आईकडे रात्री तिला त्यातच झोपवलं तर चालेल का? आणि डास? पावसाळ्यात पेठेत भयंकर असतात.

---

निवृत्त_परिचारिका

जाळीच्या यार्डात, पुस्तिकेत झोपण्यासाठी चालतं असं लिहिलेलं असेल तर चालेल. सपाट, उताणी, आत काही नाही. पॅनलच्या कुंपणात रात्री नको, ते खेळण्यापुरतं. मच्छरदाणी त्याच यार्डासाठी बनवलेली, चेनने किंवा इलॅस्टिकने घट्ट बसणारी घ्या. वरून सैल टाकलेली बाळ ओढून घेतं आणि गुरफटतं.

---

गच्चीवाली

मला जरा वेगळं सुचवायचंय. माझे दोघे, दीड वर्षाचं अंतर. कुंपण आणलं, बाळाला आत ठेवलं, तिने आकाशपाताळ एक केलं. चार दिवस तेच. मग एकदा वैतागून लॅपटॉप घेऊन मीच आत जाऊन बसले. बाळ बाहेर, मी आत! ती जाळीला नाक लावून हसत बसली. दुसऱ्या दिवशी दोघी आत. तिसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं बाहेर, तिला पत्ता नाही. आधी सवय, मग गरज. दूध उतू चाललंय, कुरिअरवाला बेल वाजवतोय आणि त्याच क्षणी तिला पहिल्यांदा आत टाकलंत तर ती जागा तिला शिक्षेची वाटणार, आणि सासूबाई बरोबर ठरणार.

नंतर तर आमच्याकडे बहुतेक वेळा मोठा आत असायचा. त्याचे ठोकळे, मणी, कात्री सगळं घेऊन. 'माझं ऑफिस' म्हणायचा. धाकटी बाहेर मोकळी, आणि गिळण्याजोगं सगळं आत. तुमच्या गोट्यांचा प्रश्न असा सुटेल बघा.

समईचंही तेच. पोरीभोवती कुंपण घालण्याऐवजी समईभोवती घाला की!

---

पेठकर_मूळचे

गच्चीवालींना +१. पण समईभोवती प्लास्टिक नको हो. ज्योत आहे ती.

---

गच्चीवाली

मान्य. उत्साहाच्या भरात लिहिलं.

---

वाचनमात्र_होते

तीन आठवड्यांनी येते आहे, कोणी विचारलं नसलं तरी सांगते.

हॉलच्या कोपऱ्यात पॅनलचं कुंपण लावलंय, दोन बाजूंना भिंत. वाट्या टाइलला घट्ट बसल्या. सुरुवात गच्चीवालींच्या पद्धतीने केली. पहिल्या दिवशी मी मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवून आत बसले होते, साहेबांनी मागे पिवळे-निळे गज पाहिले आणि काही विचारलं नाही. आता सकाळी कुकरच्या वेळी वीस मिनिटं आणि दुपारी एखादा फोन असला की तेवढाच वेळ ती आत असते. त्याहून जास्त बसतही नाही, आरडाओरडा होतो. बाकी वेळ घरभर. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून वाती वळतात आणि तिच्याशी बोलत असतात. 'पिंजरा' शब्द गेला, आता त्या 'अंगण' म्हणतात. हा बदल कधी झाला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

समई भिंतीवरच्या फळीवर गेली. त्यावरून मात्र दोन दिवस अबोला होता.

आईकडे मोझॅकची फरशी आहे, जुनी आणि खडबडीत झालेली, म्हणून तिथे कुंपणाचा नाद सोडला. जाळीचं नवीन यार्ड आईनेच घेतलं आणि तिथेच ठेवलंय. दहा किलोच्या आसपास वजन आहे. घडी होते म्हणून कोणी दर शनिवारी ते तीन जिने चढवत नाही, हे आम्हाला पहिल्याच खेपेला समजलं.

जुन्याची जाळी कापून भंगारात दिलं. जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही. परवा त्यांचा फोन आला होता, "यार्डात बसलेला फोटो पाठव ना." कोणाला काही सुचत असेल तर सांगा.