मुकादम म्हणजे दलाल?

कऱ्हाडचा वाचक : काल इथं एकानं लिहिलं, ‘मुकादम हा शब्द पहिल्यापासून लुबाडणाऱ्या दलालाचाच.’ वाचून गप्प बसवेना. जुने महजर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याचे कागद, काढून बघा. ‘मोकदम मौजे अमुक’ असं असतं, तो गावचा पाटील! मूळ शब्द अरबी, मुकद्दम, म्हणजे पुढं असलेला. सुलतानी अमलात तो आपल्या दफ्तरात आला. गावचा वसूल त्याच्या गळ्यात, सारा थकला की सरकार आधी त्याला धरायचं. मोकदमी हे वतन होतं, त्यासाठी भाऊभाऊ भांडले. 1962 च्या कायद्यानं पाटीलकी संपली, पण हा शब्द त्याआधीच मजुरांच्या टोळीच्या म्होरक्याला लागला होता. माहिती नसताना शब्दाला शिव्या देऊ नका.

वाळव्याचा ट्रॅक्टरवाला : पोस्ट माझीच. दफ्तर तुमच्यापाशी ठेवा. ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला नोटरी करून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली. दसऱ्यानंतर टोळी आणायला गेलो तर मुकादमाच्या घराला कुलूप, फोन बंद. कारखान्याचा ॲडव्हान्स माझ्या नावावर, वसुली माझ्या बिलातून. ट्रॅक्टरचा हप्ता वतनदार भरणार का?

माणदेशी : दोघंही मुकादमावरच अडलाय. खाली कोण आहे ते बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा. माणसाला हत्याराचं नाव! माझी आई पहाटे फडात शिरायची, पाचटानं हात चिरलेले, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. आजारी पडली की खाडा. उचल फिटली नाही की पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडं. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली म्हणे.

ट्रॅक्टरवाला : म्हणजे चोर आम्हीच? आईचे हाल मला समजतात. पण पैसे माझे बुडालेत.

माणदेशी : तुमचे पैसे बुडाले, तिची कंबर गेली. हिशेब सारखा धरू नका.

सांगलीवाडी : माझे वडील सफाई खात्यात मुकादम होते. पहाटे हजेरीची वही घेऊन चौकात उभे राहायचे, माणूस कमी पडला तर स्वतः खराटा धरायचे. त्यांना दलाल म्हणाल तर ऐकून घेणार नाही.

ट्रॅक्टरवाला : तुमच्या वडिलांना म्हटलं नाही. बरं, मोकदम म्हणजे पाटील, हेही मानलं. पण सारा थकल्यावर त्या मोकदमाला गावात धरता यायचं. आमचा परजिल्ह्यातला. फिर्याद द्यायला गेलं की इकडचं ठाणं तिकडं पाठवतं, तिकडचं इकडं.