मदत हवी आहे : सोसायटी कुत्र्याला मुसकं बांधायची सक्ती करू शकते का?

इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर राहतो. जर्मन शेफर्ड, नर, 3 वर्षांचा. रेबीजची लस दरवर्षी, कार्ड आहे. आजवर कोणाला चावलेला नाही. पण मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये एका मुलावर भुंकला, पोरगं घाबरलं. चूक माझीच, पट्टा सैल होता. तेव्हापासून जिन्यानेच नेतो, पट्टा आखूड धरतो.

आता कमिटीने नोटीस लावलीय: आवारात मुसकं हवंच. कापडी घालून पाहिलं, पण त्यात तोंड उघडून धापा टाकता येत नाही आणि कुत्र्याचं अंग मुख्यतः त्यानेच थंड होतं. एप्रिलच्या उन्हात ते नकोच. जाळीचं आणलं, तर पंजाने ओरबाडून दोन मिनिटांत काढतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम 291 वाचलंय. निष्काळजीपणाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण मुसक्याचा उल्लेख नाही. कमिटीशी भांडायचं नाहीये. ‘कुत्रा देऊन टाका’ हा सल्लाही नको.

सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय अशी नोटीस बंधनकारक असते का? नाशिक महापालिकेचा परवाना अलीकडे कोणी काढला असेल तर त्यात मुसक्याची अट होती का? आणि जाळीच्या मुसक्याची सवय मोठ्या कुत्र्याला कशी लावलीत?