मदत हवी आहे: अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय

बागाईतदाराचापोरगा
नमस्कार. अण्णांना, म्हणजे वडिलांना, उजव्या जांघेत हर्निया निघालाय, पोटाच्या भिंतीला भोक पडून गोळा बाहेर येतो. काल सर्जनकडे गेलो, दोन मिनिटं हात लावून बघितलं, खोकायला सांगितलं आणि म्हणाले दुर्बिणीतून जाळी बसवू, गुरुवारी टाकू का? मी म्हटलं घरी विचारून सांगतो, तर म्हणे विचारायचं काय त्यात, तुम्हीच ठरवा पण सोमवारपर्यंत कळवा, ओटी बुक करावी लागते. बाहेर आल्यावर सिस्टरनं माझ्याच हातात फॉर्म दिला सही करायला, तो तसाच खिशात घालून आणलाय. आता घरात तीन मतं. बायको म्हणते करून टाका, आत्या म्हणते पट्टा बांधा, मी पुण्यात असतो मला रजा चारच दिवस. करावं का नाही? कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा प्लीज.

निशिगंधा_क
वय किती? दुखतं का? झोपल्यावर गोळा आत जातो का? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

जुनंखोड
आमच्या सासऱ्यांनी दहा वर्षं अंगावर काढला. एका रात्री गोळा आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, रात्री दोनला गाडी काढून मिरजेला पळवलं. आतडं अडकलं होतं, थोडं कापावं लागलं. वाचले पण महिनाभर आडवे. करून टाका, उगाच फोरमवर विचारत बसू नका. तुम्ही सर्जन आहात का? ते आहेत ना, मग ठेवा विश्वास.

शेवग्याचीशेंग
पानफुटीची दोन पानं सकाळी अनशापोटी चावून खा, २१ दिवस. माझा ८ एमएमचा पडला.

निशिगंधा_क
@शेवग्याचीशेंग अहो तो मुतखडा, हा हर्निया!!

बागाईतदाराचापोरगा
सॉरी, घाईत लिहिलं. वय ७१. दिवसभर काही नाही, संध्याकाळी ओढल्यासारखं होतं, झोपले की गोळा जातो आत. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत, अजून रात्री लाईट आली की मोटार चालू करायला सायकलवर जातात.

भूलवाली
मी भूलतज्ज्ञ आहे, पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण एक विचारते. "बीपीची गोळी" म्हणजे नक्की कोणत्या कोणत्या? पाकिटांवरची नावं बघून लिहा. आणि हृदयाचं आधी काही झालंय का?

योगसाधक५६
पवनमुक्तासन चुकूनही करू नका, पण अश्विनी मुद्रा आणि मूलबंध यांनी माझ्या मित्राचा गोळा दिसेनासा झाला. जाळी म्हणजे प्लास्टिक आहे, जन्मभर शरीरात राहणार.

जुनंखोड
दिसेनासा झाला म्हणजे आत गेला होता हो, भोक कुठं जाणार?

काळाकोट
वेगळाच मुद्दा मांडतो. तो फॉर्म तुमच्या हातात दिलाच कसा? वडील शुद्धीत आहेत, सज्ञान आहेत, डोकं ठिकाणावर आहे, मग संमती फक्त त्यांची. समीरा कोहली खटला, सुप्रीम कोर्ट, २००८. बाई तपासणीपुरत्या दुर्बिणीसाठी भुलेखाली होत्या, डॉक्टरनं बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढलं. कोर्ट म्हणालं ही संमतीच नव्हे, जिवावरची तातडी नव्हती, बाई शुद्धीवर यायची वाट बघता आली असती. आणि आजार काय, उपाय काय, दुसरे पर्याय काय, धोके काय, काहीच न केलं तर काय होईल, एवढं पेशंटला सांगितल्याशिवाय सही घ्यायची नाही हेही त्याच निकालात आहे.

जुनंखोड
झालं, आता डॉक्टरला नोटीस पाठवा. तुमच्यासारख्यांमुळेच डॉक्टर दहा पानी फॉर्म छापतात आणि कुणी वाचत नाही.

काळाकोट
दहा पानी फॉर्म म्हणजे संमती नव्हे, तेच तर सांगतोय काका.

बागाईतदाराचापोरगा
@भूलवाली आत्ता आईला फोन करून पाकिटं वाचून घेतली. टेल्मिसार्टन, अ‍ॅटोरवास्टॅटिन, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल. हो, डिसेंबरमध्ये अटॅक आला होता, हृदयाच्या नळीत एक स्टेंट (जाळीची नळी) टाकलाय. आता काही त्रास नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

भूलवाली
अहो हीच तर मुख्य गोष्ट! सर्जनला सांगितलीत का? अटॅकनंतर टाकलेल्या स्टेंटला आत्ता कुठे आठ महिने होतायत. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असतात, अशा पेशंटमध्ये साधारण वर्षभर दोन्ही चालू ठेवतात आणि ज्या ऑपरेशनला घाई नाही ते तोवर थांबवतात. गोळी बंद केली तर गुठळीचा धोका, चालू ठेवून चिरलं तर रक्तस्रावाचा. हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सर्जननंही घ्यायचा नाही आणि तुम्ही तर नाहीच. आणि कृपा करून आपल्या मनानं क्लोपिडोग्रेल बंद करू नका, हे मोठ्या अक्षरात वाचा.

दुसरं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला सहसा पूर्ण भूल लागते. उघडं ऑपरेशन, तेही जाळी घालूनच, जागेवर इंजेक्शन देऊन करता येतं, पेशंट बोलत असतो. हृदयाच्या पेशंटला हा पर्याय आहे का, ते विचारा. दुर्बिणीत दुखणं कमी आणि लवकर कामाला लागता येतं हे खरं, पण सगळ्यांना एकच माप लावायचं नसतं.

लीड्सकर
मी इंग्लंडमध्ये वॉर्डवर नर्स आहे. आमच्याकडे पेशंटना चार प्रश्न शिकवतात: फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, आणि काहीच केलं नाही तर काय. चौथा प्रश्न सगळे गाळतात. हर्नियात तोच महत्त्वाचा. अमेरिकेत ७२० पुरुषांवर अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आला, सगळे फारसा त्रास नसलेले. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. लक्ष ठेवणाऱ्यांत आतडं अडकण्याचा प्रकार वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी. पण हेही खरं की दुखायला लागलं म्हणून दोन वर्षांत त्यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्यानं ऑपरेशन करून घेतलं, आणि पुढे दहा वर्षांत दोनतृतीयांशांनी. म्हणजे थांबणं सहसा सुरक्षित, पण बहुतेकांचं ऑपरेशन टळत नाही, पुढे ढकललं जातं. बायकांना हे लावू नका, त्यांच्यात वेगळा हर्निया असू शकतो आणि तो लवकर अडकतो.

जुनंखोड
हजारात दोन म्हणता, आमच्या घरात तो एक निघाला ना!

लीड्सकर
हो काका, आणि तुमचं ऐकून कुणीही घाबरेल, मीपण घाबरले असते. म्हणून तर थांबायचं ठरलं तर कधी पळायचं ते घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. गोळा कडक झाला, आत जाईना, दुखतंय, उलटी होतेय, की तासभरसुद्धा वाट बघायची नाही, दाबून आत ढकलत बसायचं नाही.

निशिगंधा_क
अवांतर: इन्शुरन्स बघा. हर्नियाला बहुतेक पॉलिसीत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, आमचा क्लेम त्याच्यावरच नाकारला. आणि पॉलिसीत बसते त्यापेक्षा रूम महाग घेतली तर बिलातले इतरही काही खर्च त्या प्रमाणात कापू शकतात.

योगसाधक५६
कंपन्या सगळ्या चोर.

निशिगंधा_क
आणि हो, एवढे प्रतिसाद झाले, अण्णांना काय वाटतं ते कुणीच विचारलं नाही. तुम्ही, बायको, आत्या अशी तीन मतं मोजलीत. त्यांचं चौथं कुठंय?

बागाईतदाराचापोरगा
खरंय. रात्री विचारलं. म्हणाले "मला कोणी विचारलंय का? करायचंच हाय, पण ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी हाय, मला त्याच्या आत मोकळा करा." म्हणजे ते उलट घाईत, आणि मला वाटत होतं घाबरतायत.

बागाईतदाराचापोरगा
अपडेट. आधी सांगलीत हृदयाच्या डॉक्टरांकडे, मग सर्जनकडे, अण्णांना घेऊन. मी गप्प बसलो, प्रश्न कागदावर लिहून अण्णांच्या खिशात दिले होते, त्यांनी चष्मा लावून वाचले. सर्जन आधी वैतागले, स्टेंटचं ऐकल्यावर मात्र खुर्ची पुढे ओढून बसले, पंधरा मिनिटं दिली. हृदयाचे डॉक्टर म्हणतात डिसेंबर संपेपर्यंत गोळ्यांना हात लावायचा नाही. अण्णांनी एकच प्रश्न कागदाबाहेरचा विचारला, ऑपरेशन झाल्यावर क्रेट कधी उचलायचं? चार ते सहा आठवडे नाही म्हटल्यावर स्वतःच हिशोब केला, आत्ता केलं तरी छाटणी बुडती, जानेवारीत केलं तर माल उतरवताना घरात बसावं लागतंय. ठरलं मार्चअखेर, द्राक्षं गेल्यावर, जागेवरच्या भुलेत उघडं. तोपर्यंत क्रेट उचलायला माणूस लावायचा. माणूस लावणार का नाही ते देव जाणे. फॉर्म परत दिला, सही तेच करणार.

पट्ट्याचं विचारायचं राहिलं. आत्यानं तोपर्यंत मागवलासुद्धा.

भूलवाली
पट्टा घालण्याआधी सर्जनना दाखवा. गोळा बाहेर असताना वरून आवळला तर त्रास वाढतो.

शेवग्याचीशेंग
पानफुटी मिळाली का? तासगावला नसेल तर कुरियर करतो.