प्लास्टिकच्या लहान सैनिकांवर रंग टिकत नाही : दोष मालाचा की माझा?

दांडियाबाजारकर, वडोदरा

नमस्कार. गेल्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसानिमित्त पटावर खेळायचा एक युद्धखेळ मागवला. त्यात करड्या प्लास्टिकचे ३४ सैनिक असून प्रत्येकाची उंची साधारण २८ मिलिमीटर आहे. रंगकामाचा माझा अनुभव दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवण्यापुरताच आहे, आणि तेथे फेट्याचा भगवा रंग नाकावर उतरला तरी कोणी काही म्हणत नाही.

येथे मात्र सुरुवातच बिघडली. पहिल्या चार सैनिकांना मुलाच्या दप्तरातले पोस्टर कलर लावले, तर रंगाचे थेंब थेंब गोळा झाले आणि जो काही वाळला तो नखाने निघाला. मग हार्डवेअरच्या दुकानातून प्रायमरचा (रंगाआधी द्यायच्या अस्तराचा) स्प्रे आणला आणि पावसाने उघडीप दिलेली पाहून गच्चीवर आणखी सहा जणांवर मारला. त्याला आज नऊ दिवस झाले, तरी ते सहाही जण हाताला चिकटतात. वर्तमानपत्रावर ठेवले की कागदाचे तंतू घेऊनच उठतात. शिवाय निम्म्या सैनिकांचे भाले वाकलेले आहेत आणि टोपीपासून पायापर्यंत एक बारीक रेघ उठलेली दिसते. माल निकृष्ट आहे की पद्धत चुकली, आणि उरलेले चोवीस वाचवता येतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोल्डवाला, मकरपुरा

मी बावीस वर्षे इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढण्याच्या कामात आहे. आम्ही बादल्यांची झाकणे काढतो, सैनिक नव्हेत. पण डाय (साचा) ती डायच. आपल्या वर्णनावरून माल वाईट वाटत नाही. हातात कोणते प्लास्टिक आहे हे न पाहता रंग लावला गेला, एवढेच झाले आहे.

अशा सैनिकांत मुख्यतः तीन प्रकार भेटतात. सुटे भाग चौकटीतून कापून जोडायचे असतात ते बहुतेक पॉलिस्टायरीनचे. ते कडक असते, वाकवले तर मोडते आणि रंग उत्तम धरते. खेळाच्या खोक्यात जोडून तयार मिळणारे बहुधा मऊ पीव्हीसीचे. तिसरे पॉलिथिन. एअरफिक्स या ब्रिटिश खेळणी-मॉडेल कंपनीने १९५९ पासून काढलेले लहान मऊ सैनिक या जातीचे, आणि त्यांच्यावरचा रंग सोलून निघतो ही हौशी मंडळींची तेव्हापासूनची तक्रार आहे, कारण पॉलिथिनला मुळात काहीच नीट चिकटत नाही.

ओळख घरच्या घरी पटते. एखाद्या सैनिकाच्या तळातून कापलेला तुकडा साबणाचा थेंब घातलेल्या साध्या पाण्यात टाका आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काडीने झटका. तरंगला तर पॉलिथिन. बुडाला तर दोनशे मिलिलिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात टाका. पॉलिस्टायरीनची घनता १.०५च्या आसपास असल्यामुळे ते या पाण्यात वर येते, पीव्हीसी मात्र तळालाच राहते. माझा अंदाज पीव्हीसीचा आहे, कारण चिकटपणाचे कारण त्यातच आहे: पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेला असतो आणि काही स्प्रेंमधल्या द्रावकाशी त्याचा संबंध आला की वरचा थर वाळतच नाही. दमट हवेत मारलेला स्प्रे खरखरीत किंवा पांढुरका होतो. नऊ दिवस चिकट राहिला म्हणजे दोष पावसाचा नसावा.

टोपीपासून पायापर्यंतची रेघ म्हणजे पार्टिंग लाइन. डायचे दोन अर्धे जेथे मिळतात तेथे ती येणारच. कागदाइतका पातळ पापुद्रा बाहेर आला असेल तर त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो आणि डाय झिजल्याचे ते लक्षण असते. पॉलिस्टायरीनवर ती चाकूच्या पाठीने खरवडता येते. मऊ पीव्हीसी खरवडले तर फुलते, म्हणून तेथे नवे पाते घेऊन अलगद तासावे.

भाल्यांचा दोष पॅकिंगचा आहे. उकळून गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात भाला अर्धा-एक मिनिट धरा; बहुतेक वेळा तो डायमधल्या मूळ आकारावर आपणहून येतो, नाही आला तर चिमट्याने सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा. हे काम मुलाच्या हाती देऊ नये. चिकट सैनिकांना थिनर मात्र कदापि लावू नका, कारण रंगाबरोबर नाकडोळेही विरघळण्याचा धोका आहे.

रंगपेटी, रावपुरा

मोल्डवाले भाऊ म्हणतात ते पटते. आमच्या घरी गणपतीच्या मूर्ती रंगवतात, त्यामुळे हाताला वळण होते. तरीही पहिले दोन सैनिक मी चिखलात लोळल्यासारखे करून ठेवले होते.

रंगाआधी चोवीसही जणांना कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा, कारण डायमधून सुटण्यासाठी मारलेला तेलकट थर काही वेळा अंगावर राहिलेला असतो. पीव्हीसीच ठरले तर स्प्रेचा नाद सोडून ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या. अमेरिकेतल्या रीपर कंपनीच्या बोन्स मालिकेतले सैनिक अशाच मऊ प्लास्टिकचे असतात. त्यांवर पहिला हात पाणी न घालता दिलेला बरा, कारण पाणी त्या पृष्ठभागावर पसरत नाही. त्यानंतरचे हात मात्र पातळ ताकासारखे करून द्यावेत आणि एक जाड हात देण्याऐवजी दोन पातळ द्यावेत, म्हणजे चिलखताच्या कड्या बुजत नाहीत.

ब्रश ट्रिपल झिरोचा (०००, अगदी बारीक टोकाचा) घेऊ नका. नवशिक्याला बारीक कामासाठी बारीक ब्रश हवासा वाटतो, पण त्याच्या टोकावर रंग उतरण्याआधीच वाळतो. चांगले टोक असलेला दोन नंबरचा गोल ब्रश पुरतो. रंग त्याच्या केसांच्या बुडाशी असलेल्या पत्र्यापर्यंत चढू देऊ नये. मी डब्याच्या झाकणात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा बटर पेपर ठेवून रंग कालवते, म्हणजे तो तासभर ओला राहतो. मे महिन्यात यावाचून इलाजच नसतो.

मूर्तीत डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते, आणि मी इथेही तसेच केले, ही माझी मोठी चूक. एक मिलिमीटरही नसलेल्या डोळ्यात पांढरा रंग भरताना तो गालावर सांडतोच, आणि तोवर गाल रंगवून झालेला असतो. आता मी आधी पांढरी आडवी रेघ ओढते, तीवर काळी उभी रेघ देते आणि मग अंगाच्या रंगाने चारही बाजूंनी आत येत डोळा हवा तेवढाच उघडा ठेवते. बिघडले तर त्याच रंगाखाली झाकून टाकायचे. दोन हातांच्या अंतरावरून तसेही डोळे दिसत नाहीत. पहिल्या दहा जणांना ते काढलेच नाहीत तरी चालेल. त्याऐवजी तपकिरी रंग पुष्कळ पातळ करून सर्वांगावर सोडा. तो खाचांमध्ये जाऊन बसतो आणि घड्या व दाढ्या आपोआप उठून दिसतात. मात्र जेथे तळे साचेल तेथून ओलसर ब्रशने टिपून घ्यावा.

शेवटी मॅट वार्निश विसरू नये. हे सैनिक दर खेळात बोटांनी उचलले जाणार, आणि नुसता अ‍ॅक्रिलिक रंग भाल्याच्या टोकावरून सर्वांत आधी उडतो.

दांडियाबाजारकर, वडोदरा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री प्रयोग केला: तुकडा साध्या पाण्यात बुडाला आणि मिठाच्या पाण्यातही बुडाला, म्हणजे पीव्हीसी. सौभाग्यवतींनी मिठाचा हिशोब विचारला, तो वेगळा विषय. आठ भाले सरळ झाले. एक धनुर्धारी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा झुकलेला आढळला. चिकट सहांचे काय करावे?

मोल्डवाला, मकरपुरा

धनुर्धाऱ्याला पुन्हा गरम पाणी द्या आणि या वेळी बर्फाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे सरळ धरून ठेवा. चिकट सहांपैकी एकावर ब्रशने अ‍ॅक्रिलिक वार्निशचा पातळ हात देऊन आठवडाभर पाहा. चिकटपणा दबला तर बाकीच्या पाचांनाही तेच करावे, नाहीतर त्यांना शत्रूपक्षात घालून पटाच्या मागच्या रांगेत उभे करा.