वर्गात ‘डाउट’ बंद करावा का?

नौपाड्याची शिक्षिका:
मी नौपाड्यात 18 वर्षं आठवी ते दहावीची इंग्रजीची शिकवणी घेते. गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी भेटायला आला. ऐरोलीत नोकरीला आहे, क्लायंट लंडनचा. त्याने मेलमध्ये लिहिलं होतं, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन.’ त्याला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची होती. समोरच्याने अर्थ घेतला की याचा आमच्या कामावर भरवसा नाही. वरून मॅनेजरची बोलणी. पोराचा चेहरा एवढासा झाला होता. मला लागलं, कारण ‘एनी डाउट्स?’ असं वर्गात रोज मीच विचारत आले.

मराठीत ‘शंका’ एकच, अर्थ ठरवतं क्रियापद. शंका विचारली तर तो प्रश्न, शंका घेतली तर अविश्वास, आणि शंकेची पाल चुकचुकली तर काहीतरी वेगळंच. इंग्रजीत ही वाटणी शब्दांतच झालेली असते: क्वेश्चन, डाउट, सस्पिशन. ‘उसनं’ही तसंच. घेतलं की दिलं हे आपल्याला क्रियापद सांगतं, म्हणून मुलं ‘कॅन यू बॉरो मी अ पेन’ म्हणतात. तिथे लेंड हवं. माझं मत पक्कं झालंय: प्रश्नासाठी ‘डाउट’ वर्गातून बंद.

घोडबंदरकर:
मॅडम, साफ असहमत. ही चूक नाही, हे भारतीय इंग्रजी आहे. स्पॅनिशमध्ये ‘दुदा’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘दुविदा’ विचारतातच, तेही प्रश्न याच अर्थाने. स्कॉटलंडमध्ये ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस पडेल असं वाटतंय! मग अस्सल इंग्रजी कोणाचं? आपलं ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे.

आणि हे बारीक भेद बरेचदा कोणा एकाची आवड असते. ‘कमी’ म्हणताना मोजता येतं तिथे ‘फ्युअर’ हवं, ‘लेस’ नको, असं 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाने सुचवलं. लोक मात्र नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या काळापासून ‘लेस’ सर्रास वापरत होते. तेव्हाची पसंती आज मार्क कापायला वापरतात.

खारघर, सेक्टर 12:
घोडबंदरकरांना +1. आमच्या टीममध्ये चेन्नई, पुणे, कोची सगळे ‘डाउट’ म्हणतात. कोणाचंही अडलेलं नाही.

अनुवादक, ठाणे पूर्व:
टीममध्ये नाही अडणार. मी जबाबांचे अनुवाद करते, तिथे अडतं. ‘तो त्या रात्री घरात असावा अशी मला शंका आहे.’ हे ‘आय डाउट ही वॉज इन द हाउस’ असं लिहिलं, तर इंग्रजी वाचणाऱ्याला कळतं की तो घरात नव्हता. मूळ माणूस सांगतोय की होता! इथे ‘सस्पेक्ट’च हवं. डाउट नकाराकडे झुकतो, सस्पेक्ट होकाराकडे. एका शब्दाने माणूस घरात असतो किंवा नसतो. स्कॉटलंडचा दाखला इथे कामाचा नाही, दादा. कोर्टाच्या मराठीनेही हे ओळखलंय, म्हणून ‘बेनिफिट ऑफ डाउट’ला आपण संशयाचा फायदा म्हणतो, शंकेचा नाही.

घोडबंदरकर:
ताई, जबाबाचं शंभर टक्के मान्य. एवढा उलटा अर्थ होत असेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण वर्गाचं अजूनही मान्य नाही. मी मराठी माध्यमातून आलो. अकरावीत हात वर करून ‘सर, डाउट’ म्हटलं, तर सरांनी आधी शब्द दुरुस्त केला, सगळे हसले. प्रश्न घशातच राहिला. त्या वर्षी मी पुन्हा हात वर केला नाही.

नौपाड्याची शिक्षिका:
हे वाचून थांबले. बंदी मागे घेते. ‘डाउट’ म्हणत हात वर आला तर आधी उत्तर देईन, मग ‘गुड क्वेश्चन’ म्हणेन, म्हणजे शब्द कानावर पडेल. दहावीला मात्र मेल कसा लिहायचा ते शिकवताना डाउट, क्वेश्चन आणि सस्पेक्ट फळ्यावर शेजारी शेजारी मांडणारच. त्यात तडजोड नाही.

घोडबंदरकर:
मांडा की. फक्त ‘डाउट’वर फुली मारू नका. त्याच्यापुढे ‘लंडनला असं कळतं’ एवढं लिहा.