अण्णांजवळ राहता यावं म्हणून भारतीय पासपोर्ट सोडायचा आहे. चूक करतेय का?

कृष्णाकाठची लेक

माझं माहेर कराड तालुक्यात, नदीकाठच्या गावात. नऊ वर्षं जर्मनीत नोकरी करते. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट कधीच पूर्ण झाली, जर्मन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा झाली, नागरिकत्वाची चाचणीही झाली (३३ पैकी १७ बरोबर यावे लागतात). अर्ज भरून तयार आहे आणि दोन महिने टेबलावर पडून आहे.

२७ जून २०२४ पासून जर्मनीचा कायदा बदलला. जर्मन होताना जुनं नागरिकत्व सोडा, ही अट आता तिकडून नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तुर्की बाईनं दोन्ही पासपोर्ट ठेवले. आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा मात्र सांगतो की स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. म्हणजे "सोड" असं मला जर्मनी म्हणत नाही, माझाच देश म्हणतोय. हे मला फार लागतं.

मग घेतेस कशाला, असं विचाराल. अण्णांसाठी. आई गेल्यापासून ते एकटे आहेत, बायपास झाली आहे. गेल्या वर्षी त्यांच्याजवळ राहायला आले. जर्मनीत राहण्याचा माझा कायमस्वरूपी परवाना सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलं की रद्द होतो. मी कालनिर्णयवर रोज एक फुली मारत होते. एके दिवशी बघते तर अण्णांनी पेन्सिलीनं उरलेले दिवस मोजून कोपऱ्यात आकडा लिहिला होता, ४१. बोलले काहीच नाहीत.

जर्मन नागरिक झाले आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते, "ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया") काढलं, की गावात वर्ष काढा, तीन वर्षं काढा, कुणी विचारणार नाही. भारतात जास्त राहता यावं म्हणून भारताचं नागरिकत्व सोडायचं, असा हा पेच आहे. माझं मत ठाम आहे, भारतानं दुहेरी नागरिकत्व द्यायला हवं. आणि ते मिळेपर्यंत माझ्यासारखीला अपराधी ठरवू नये.

अपशिंग्याचा नातू

ताई, तुमच्या वडलांबद्दल आदर आहे. पण आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. माझे दोघं चुलते सियाचीनला राहून आले. देश ही सोयीची गोष्ट नाही, असं ऐकतच मी वाढलो. उद्या दोन देशांचं पटलं नाही तर दोन पासपोर्टवाला कुणाच्या बाजूनं उभा राहणार? जपानही दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, चीनही नाही. आपणच का द्यावं? तुम्ही जाताय तर जावा, पण देशानं ढकललं असं म्हणू नका.

सांगली-दुबई

दादांशी सहमत, कारण मात्र वेगळं. मी अठरा वर्षं दुबईत आहे. इथं आम्हाला नागरिकत्व कुणी देऊ करत नाही, त्यामुळं हा प्रश्नच पडला नाही. पण ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, तेव्हा स्वतःच्या पैशानं तिकीट काढून आलो, कारण परदेशातल्या भारतीयाला केंद्रावर स्वतः हजर राहूनच मत देता येतं. विश्रामबागेत उन्हात तासभर रांगेत होतो. बोटाला शाई लागली तेव्हा जे वाटलं ते ओसीआय कार्ड देणार नाही. त्या कार्डावर मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. नावात "नागरिक" आहे म्हणून फसू नका, तो आयुष्यभराचा व्हिसा आहे.

वाळव्याचा शेतकरी

आणि सातबारावरचं नाव जातं त्याचं काय? पिढ्यान् पिढ्यांची जमीन कागदापायी घालवायची?

वकीलकाका, सातारा

थांबा, ही चुकीची माहिती गावोगाव फिरते. माझ्याकडं महिन्याला दोघं-तिघं हेच विचारत येतात.

वडिलोपार्जित शेतजमीन वारसानं ओसीआयधारकाला मिळते. नाव लागतं, फेरफार होतो. विकत मात्र घेता येत नाही, शेतजमीनही नाही आणि फार्महाऊसही नाही. पण हीच बंदी परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही आहे, हे लोक विसरतात. दुबईकर साहेब, तुम्हालाही तिथं राहून इथं ऊसाचं रान घेता येणार नाही. फरक पडतो तो परतल्यावर. तुम्ही नागरिक म्हणून परत येऊन स्थायिक झालात आणि शेतकरी असाल, तर घेऊ शकता. वारसानं आलेली शेती विकायची झाली, तर ओसीआयधारकानं ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकायची.

लेकी, तुला एक काळजीचं सांगतो. जर्मन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडल्यापासून जुन्या पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो गुन्हा आहे. पासपोर्ट जमा करणं, त्याचा दाखला घेणं आणि ओसीआय मिळणं यात वेळ जातो. मधल्या काळात वडलांना काही झालं, तर व्हिसा काढून यावं लागेल. त्यांची तब्येत स्थिर असताना हे उरकून घे.

इस्लामपूर-न्यू जर्सी

निदान तुम्हाला निवड करायला मिळते. अमेरिकेत नोकरीवरच्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळं भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. आणि नागरिकत्व त्याच्याही पुढं पाच वर्षं. माझा मुलगा एकोणीसचा आहे. एकवीसचा झाला की माझ्या अर्जातून बाहेर. मला उद्या मिळालं तर परवा घेईन, आणि त्यानं मी इस्लामपूरचा कमी होणार नाही.

परतलेली मिरजकर

मी ब्रिटिश पासपोर्ट घेऊन मिरजेला परत आले, म्हणून अनुभवावरून विरोधात लिहिते. पहिली पाच वर्षं काही जाणवलं नाही. मग लेकीच्या मेडिकल प्रवेशाची वेळ आली आणि कळलं की ती ओसीआय, तिचा जन्म लंडनचा, म्हणून तिच्यासाठी फक्त अनिवासी भारतीयांच्या (एनआरआय) कोट्यातल्या जागा. सातवीपासून इथंच शिकली, मराठी माझ्याहून चांगलं लिहिते. फीचा आकडा ऐकून त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. शिवाय हे कार्ड सरकार रद्दही करू शकतं. ताई, तुम्ही एकट्याचा विचार करताय. मूल असेल तर दहा वर्षांनंतरचा करा.

कृष्णाकाठची लेक

मिरजकर ताई, मला मूल नाही, पण तुमचं वाचून हात थांबला. फायदे विचारले की सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही.

सहा महिन्यांची मुदत आधी अर्ज करून वाढवून घेता येते, असं दोघांनी व्यक्तिगत निरोपात सुचवलं. मी केला होता. आमच्या शहरातल्या कार्यालयाचं उत्तर आलं, तेव्हा मी परत येऊन तीन आठवडे झाले होते.

अपशिंग्याच्या दादा, तुमच्या चुलत्यांना माझा नमस्कार. पण तुमच्याच गावची माणसं पहिल्या महायुद्धात लढली, ती ब्रिटनच्या राजाची शपथ घेऊन. त्यांतले कितीजण परत आले नाहीत, त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. म्हणून ती अपशिंग्याची नव्हती, असं तुम्ही म्हणाल का? आणि दुहेरीची मागणी माझ्या एकटीची नाही. सरकारनंच नेमलेल्या सिंघवी समितीनं २००२ साली काही देशांपुरती तिची शिफारस केली होती. ओसीआय त्यानंतर आलं, आणि मत, पद काही न देता आलं. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी नागरिकत्व सोडलं. या सगळ्यांना देश नकोसा झाला होता?

अपशिंग्याचा नातू

स्तंभाचं बोललात म्हणून सांगतो, त्या पोरांना शपथ निवडायची मुभा नव्हती. तुम्हाला आहे. माझं मत तेच. पण तुम्हाला अपराधी मी म्हणणार नाही, आणि माझ्यासमोर कुणी म्हणालं तर ऐकून घेणार नाही.

सांगली-दुबई

मत तरी देऊन घ्या ताई, पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबा.

कृष्णाकाठची लेक

तेवढे दिवस अण्णांकडं आहेत का, हे मला माहीत नाही दादा.

काल भारतीय पासपोर्ट काढून बघितला. शेवटच्या पानावर अण्णांचं नाव, आईचं नाव, खाली मु. पो. सकट गावचा पत्ता. जर्मन पासपोर्टात आई-वडलांची नावं नसतात. उंची असते, डोळ्यांचा रंग असतो. वकीलकाका, जमा केलेला पासपोर्ट रद्द करून परत देतात ना? ते पान मला हवं आहे.

वकीलकाका, सातारा

देतात. शिक्का मारून परत देतात. जपून ठेव, ओसीआयच्या अर्जालाही त्याची प्रत लागेल.